पाठमोरी खुर्ची

लेक अकरा महिन्यांची असताना आम्ही तिच्यासाठी गाडीत बसवायची खुर्ची मागवली. ती मागच्या सीटवर पट्ट्याने बांधायची, आणि बाळाला तिच्यात रस्त्याकडे पाठ करून बसवायचं. अचानक ब्रेक लागला तर एवढ्याशा मानेला हिसका बसत नाही, पाठ आणि डोकं खुर्चीच झेलते. हे मी वाचलं, नवऱ्याला वाचून दाखवलं आणि मधल्या सुट्टीत शाळेतल्या दोन बाईंनाही ऐकवलं. मी शिक्षिका आहे. मला एखादी गोष्ट पटली की समोरच्याला पटेपर्यंत चैन पडत नाही.

आईला मात्र पटलं नाही. मी पुन्हा शाळेत रुजू झाल्यापासून ती मंठ्याला आमच्याकडे राहून लेकीला सांभाळत होती, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन होतं. तिने खुर्ची चहूबाजूंनी पाहिली.

"ही तर उलटी बसवलीस."

"तशीच असते, आई."

"उलटं बसवलं की लेकराला उलटी होती. एवढं बी कळंना का तुला?"

मला हसू आलं, आणि तिथेच बिघडलं. आईला विरोध चालतो, हसणं चालत नाही.

त्या रविवारी घनसावंगीला भावाच्या घराची घरभरणी होती. नवरा दोन दिवस आधीच मदतीला गेला होता. आम्ही तिघी सकाळी निघणार होतो. मी लेकीला खुर्चीत बसवून पट्टे लावले आणि तिने टाहो फोडला. आईने लगेच हात पुढे केले.

"दे इकडं. मांडीवर बसन गप."

"मांडीवर नाही."

"तुम्ही दोघं माझ्या मांडीवरच हिंडलात की. काय झालं तुम्हाला?"

"ब्रेक लागला तर ती तुझ्या हातात राहणार नाही, आई."

बोलले ते खरं होतं, पण ज्या हातांनी माझी लेक वाढत होती त्यांच्याबद्दल ते तसं बोलायला नको होतं. आईने पिशवी उचलली. "मंग माझं काय काम हाय गाडीत? मी जीपनं येते," म्हणाली आणि स्टँडकडे चालू लागली. मी तिला थांबवायला हवं होतं. मी किल्ली फिरवली. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं मोठ्याने म्हणालेसुद्धा. ऐकायला फक्त लेक होती, आणि ती रडत होती.

परतूरपर्यंत ती रडली. मी बडबडगीतं म्हटली, ती संपल्यावर पाढे म्हटले. परतूरच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या. एक माझ्या पुढे, एक मागे, आणि रस्ता जेमतेम दोन गाड्यांचा. तिथे कुठेतरी रडणं थांबलं. मला हायसं वाटलं, ते मिनिटभरच. मग वाटलं, एकदम कशी गप्प झाली?

आरशात पाहिलं तर खुर्चीची करडी पाठ. तिच्यापलीकडे माझी लेक होती आणि मला तिचा केससुद्धा दिसत नव्हता. अशा वेळी बाळाचं तोंड दिसावं म्हणून त्याच्यासमोर सीटच्या पाठीला लावायचा आरसा मिळतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी हाका मारल्या. टाळ्या वाजवायला हात मोकळे नव्हते, म्हणून हॉर्न वाजवला. काही नाही. मान पुढे पडली असेल. पट्टा गळ्याशी आला असेल. उलटी होऊन घशात अडकली असेल. आईचा तो शब्द आता डोक्यातून जाईना. थांबावं तर मागे ट्रॉली, आणि कडेला काळ्या मातीचा सरळ उतार. दोन-तीन मिनिटंच गेली असतील, पण मी इतकी कधीच घाबरले नव्हते.

एका शेताकडे जाणारी वाट दिसली तशी मी गाडी आत घातली. इंजिन चालूच ठेवून पलीकडे धावले आणि दार उघडलं.

ती झोपली होती. तोंड उघडं, हनुवटीवर लाळ, आणि पायातला एक मोजा काढून मुठीत घट्ट धरलेला. मी नाकाखाली बोट धरलं. ऊन ऊन श्वास लागला. माझा जीव भांड्यात पडला. तिथेच मातीत बसून मी हमसून हमसून रडले.

जीप भरल्याशिवाय स्टँडवरून हलत नाही, म्हणून आई आमच्या मागेच होती. तिला जीपमधून काय दिसलं असेल? वाकडी उभी गाडी, सताड उघडं दार, आणि मातीत बसून रडणारी मी. जीप थांबली. आई धावत आली, एका पायात चप्पल नव्हती.

"लेकरू कुठं हाय?"

मी दाराकडे बोट केलं. ती आत वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग तिचे खांदे खाली आले.

"झोपली की गं ही. मंग रडून काय राह्यलीस, येडे?"

"मला तिचं तोंड दिसत नव्हतं."

आता ती काय काय बोलू शकली असती. तिने पदराने माझं तोंड पुसलं. जीपवाल्याने हॉर्न दिला तर त्याला म्हणाली, "जा तुम्ही. माझी पिशवी तेवढी द्या."

लेकीला तिने खुर्चीतून काढलं नाही. शेजारी बसली, आणि मी तिचा पट्टा लावला तो तिने लावू दिला. गाडी पुन्हा रस्त्याला लागली.

"झोपली हाय," आई म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

थोड्या वेळाने पुन्हा, "झोपली हाय अजून. श्वास बराबर चालू हाय."

मग, "आता झोपंत हसली बघ."

घनसावंगी येईपर्यंत ती असं सांगत राहिली, आणि मी फक्त समोरचा रस्ता पाहत गाडी चालवली.