डावीकडची खोली

आमची वहिनी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापते. चाळीस थर एकावर एक रचून विजेची सुरी फिरवते, आणि चाळिसावा थर पहिल्यासारखाच निघतो. म्हणून कापड बेतणाऱ्या मास्तरांसारखं सगळे तिला मास्तरीण म्हणतात. ही मास्तरीण पिते, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. घरातल्या चिंध्यांच्या पोत्यात बाटली सापडली. दादाला ते कधीपासूनच ठाऊक होतं. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, बस चालवतो आणि खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून मगच घेतो. त्याच्या नशिबी हे! मी नणंद आहे. मला राग आला आणि तो मी लपवला नाही.

मग एकदा सुरी तिच्या बोटाला चाटून गेली. त्याच आठवड्यात वाचनालयाच्या फलकावर तिला एक कागद दिसला. ‘दारू सोडायची आहे? दर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता, वरचा मजला.’ पुस्तक बदलायच्या निमित्ताने तिने तो चार वेळा वाचला आणि पाचव्या वेळी जिना चढली.

वर दोन खोल्या. डावीकडे पिणारे, उजवीकडे पिणाऱ्यांच्या घरचे. दारातल्या भल्या गृहस्थाने बाईमाणूस पाहिलं आणि “या ताई, इकडे,” म्हणत तिला थेट उजवीकडे नेऊन बसवलं. तिथे सगळ्या बायका. बोलायची पाळी आली तेव्हा वहिनी खरं तेच बोलली. सकाळी हात थरथरतात, बाटली पोत्यात असते, घेतलेली शपथ दोन दिवस टिकत नाही. फक्त ‘मी’ म्हणायच्या जागी ‘आमचे हे’ म्हणाली. बायकांचे डोळे भरून आले. एकीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. वहिनी घरी आली ती तडक पोत्याकडे गेली. असे सहा मंगळवार झाले.

‘इथलं बोलणं इथेच’ हा तिथला नियम. पण एकीचा नवरा दादाच्याच डेपोत होता आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. सातव्या आठवड्यात दादाला बसवरून उतरवून गाड्या धुवायला लावलं. ड्रायव्हर रोज ज्या मशीनमध्ये फुंकर मारतात, त्यात तो नेहमी कोराच निघायचा. पण साहेब म्हणाले, “हल्ली त्यालाही युक्त्या निघाल्यात.” चौकशी लागली. सत्तावीस वर्षांची नोकरी पणाला लागली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात वहिनीने सगळं सांगून टाकलं. “असू दे,” दादा म्हणाला. “माझं नाव झालंच आहे खराब, तर होऊ दे. तुझं नको.”

मी काय म्हणाले तेही सांगते, लाज वाटते तरी. “पुरुषाच्या पिण्याला लोक चार दिवस नावं ठेवतात, वहिनी. बाईचं पिणं जन्मभर चघळतात. गप्प राहा.”

“वन्सं,” ती म्हणाली, “चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराने घरात बसून गप्प राहायचं?”

सकाळी ती निघाली. मी मागे धावले. डेपोत मशीनसमोर ड्रायव्हरांची रांग होती. ती रांग मोडून पुढे घुसली.

“ते मशीन द्या इकडे.”

“बाई, हे ड्रायव्हर लोकांसाठी आहे,” साहेब म्हणाले.

“ड्रायव्हरला उतरवताना बायकांच्या गप्पा चालल्या. मग बायकोची फुंकर चालेल.”

तिने नळी हिसकावली आणि फुंकली. मशीन किंचाळलं. साहेबांनी आकडा दोनदा वाचला.

“सकाळचे साडेआठ वाजलेत,” वहिनी म्हणाली. “आमच्या घरात पिणारी मी. ह्यांनी थेंब चाखलेला नाही. तिकडे मी खोटं बोलले. लिहून घ्या, सही करते.”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. वहिनी वळली. “हसा की! पण चहाच्या टपरीवर सांगाल तेव्हा माझंच सांगा. माझ्या नवऱ्याचं सांगाल तर घरी येऊन विचारीन.”

दोन दिवसांनी दादा पुन्हा बसवर गेला. वहिनीची सुरी मात्र गेली. कारखान्यात बातमी तिच्या आधी पोहोचली होती. मालकाने तिला बटणं लावायला बसवलं. ती बटणं लावते, मान वर करून. माझा राग कधी गेला ते मला नक्की सांगता येणार नाही, पण डेपोतून परतताना मी तिची पिशवी धरली होती.

मंगळवारी आम्ही तिघं जिना चढलो. दारातले गृहस्थ म्हणाले, “या ताई, इकडे.”

“नाही भाऊ. मी डावीकडची.”

“तिकडे सगळे पुरुष आहेत. अवघडल्यासारखं होईल.”

“होऊ दे त्यांना.” आणि मागच्या रांगेतली खुर्ची ओढत ती पुढे घेऊन गेली.

दादा आणि मी उजवीकडे बसलो. पंधरा बायकांत तो एकटा पुरुष. पाळी आली तेव्हा टोपी गुडघ्यावर धरून म्हणाला, “माझी बायको पिते. आठ वर्षं मी न पाहिल्यासारखं केलं.” तीळ न भिजणारी बाई खाली बघत होती.

मग भिंतीपलीकडून वहिनीचा आवाज आला, खणखणीत. पहिल्या घोटापासून सगळं सांगत होती.

“ताई, जरा हळू,” तिकडचं कुणीतरी म्हणालं. “शेजारच्या खोलीत ऐकू जातंय.”

“जाऊ दे,” वहिनी म्हणाली. “तिकडे माझी माणसं बसलीत.”