गट्टीमेळची हाक

मल्लिगेच्या गजऱ्यांचा, कापराचा आणि पलीकडे भटारखान्यात उकळणाऱ्या सारूचा वास एकमेकांत मिसळलेला, हळदीने पिवळा झालेला अण्णांचा हात उंच गेलेला, आणि त्यांच्या कंठातून निघालेली ती खणखणीत हाक — ‘गट्टीमेळ! गट्टीमेळ!’... राजाजीनगरातलं माझं सगळं बालपण या एका हाकेभोवती पसरलेलं आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या आम्हा मराठी घरांची लग्नं तेच लावायचे. मंत्र आमचे, वाजंत्री मात्र इथली — सनईसारखा नादस्वर आणि ढोलासारखा डोलू. मंगळसूत्र बांधायच्या क्षणी कुणाची शिंक, कुणाचा वाईट शब्द वधूवरांच्या कानांवर पडू नये म्हणून भटजींनी हाक द्यायची आणि वाजवणाऱ्यांनी सगळा जीव एकवटून वाद्यं दणाणून सोडायची, हाच गट्टीमेळ. त्या नादाने छाती हादरायची, दात शिवशिवायचे... मी दोन्ही कान घट्ट दाबून हॉलबाहेर धूम ठोकायची. ‘काय भट्रे, तुमचीच पोर पळाली की!’ म्हणून लोक हसायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि अशात माझ्या लाडक्या आत्याचं लग्न ठरलं. करवली मीच हवी, असा तिने हट्ट धरला. करवलीने नवरीच्या पाठीशी पाण्याने भरलेला कलश घेऊन उभं राहायचं, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले! ऐन मुहूर्तावर कलश हातून सुटला तर? दुसरी मुलगी बघा, असं घरातल्या बायका उघड म्हणू लागल्या. मी रडून डोळे सुजवले.

आदल्या संध्याकाळी अण्णांनी मला तुळशीकट्ट्यावर बसवलं. ‘रडू नको गं. उद्या हाक तू दे.’

‘मी? बायका देतात का हाक?’

‘कोण विचारतंय! स्वतः ओरडलं की तो आवाज स्वल्प कमी लागतो, बघ तू. मी उगीच का इतकी वर्षं डोलूशेजारी टिकलो?’

दुसऱ्या दिवशी अक्षतांचं ताट दोन्ही हातांत धरून अण्णांनी माझ्याकडे नुसती मान हलवली. मी डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले — ‘गट्टीमेळ!’ वाद्यं कडाडली... आणि मी जागची हलले नाही. कलशातला थेंबसुद्धा सांडला नाही. डोळे उघडले तर समोर अण्णा असे दचकलेले, की ताटातल्या निम्म्या अक्षता त्यांच्याच पायांवर!

पुढे कित्येक महिने मी गल्लीभर सांगत हिंडले, की माझ्या आवाजाने अण्णासुद्धा दचकले. कुणी त्यांना विचारलंच, तर ते ‘सरी, सरी’, म्हणजे ‘बरोबर, बरोबर’, म्हणत हसायचे.

यंदा कान तपासायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सहज सांगितलं, की कानाच्या पडद्यामागे एक इवलासा स्नायू असतो. मोठा आवाज आला की तो आखडतो आणि आवाज थोडा सौम्य करून आत सोडतो. अचानक आदळणाऱ्या नादापुढे त्याला उशीर होतो. पण आपण स्वतः ओरडणार असलो, तर तो आधीच सावध झालेला असतो. ऐकता ऐकता मला आत्याचं लग्न आठवलं. इतकी वर्षं अण्णा कधीच दचकले नव्हते, कारण हाक त्यांची असायची. त्या एका दिवशी ती त्यांनी मला दिली आणि तो दणका स्वतःच्या कानांवर घेतला...

अण्णा आता नाहीत. हॉलमध्ये बटण दाबलं की स्पीकरमधून गट्टीमेळ वाजतो, हाक द्यायला कुणी लागत नाही. माझ्या आवाजाचा मला फार अभिमान होता. आता तो सगळा अभिमान त्यांच्या दचकण्याचा आहे.