मावशींचा पुढचा दात

दातवाल्यांनी आयुष्यभर दात केले, पण त्यांतला एकही दात त्यांनी जेवताना पाहिला नव्हता. त्यांच्या कामाची रीतच तशी होती. छापखान्याच्या मागची एक लांबट खोली, खिडकीखाली टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा आणि भिंतीला लागून प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगा. शहरातले डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन डबीत घालून पाठवायचे. दातवाले त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करायचे, त्यावर मेण चढवायचे, मेणात एकेक दात बसवायचे, आणि तयार झालेली कवळी त्याच डबीतून परत जायची. डबीवर चिठ्ठी असायची : 'स्त्री, वय सदुसष्ट, रंग जरा पिवळट.' ती सदुसष्ट वर्षांची बाई कोण, तिला काय खायला आवडतं, नवी कवळी लावून ती पहिल्यांदा कुणावर डाफरली, हे कळायला काही मार्गच नव्हता.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र पहाटे उजाडता उजाडता ते मोटारसायकल बाहेर काढत. गाडी जुनी, एका सिलिंडरची, त्यांच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. दोनशे चाळीस किलोमीटरवर, डोंगर सुरू होतो तिथे रस्त्याला फाटा फुटतो. त्या फाट्यावर पत्र्याच्या छपराचं, अकरा टेबलांचं एक खाण्याचं ठिकाण होतं. तिथे चार वेगवेगळ्या गावांहून नऊ जण आपापल्या मोटारसायकलींवर येऊन भेटत. निवृत्त झालेल्या हेडबाई होत्या, त्या सगळ्यात लांबून येत आणि सगळ्यात आधी पोचत. ट्रकच्या गॅरेजमधला एक फिटर होता, तो दुसऱ्यांच्या गाड्यांचे आवाज ऐकून त्यांची दुखणी सांगे. दातवाले नेहमी शेवटी येत, म्हणून मंडळींनी त्यांचं नाव 'अक्कलदाढ' ठेवलं होतं.

"एवढ्या लांब अंडी खायला जायचं? अंडी आपल्याकडेही मिळतात," असं त्यांची बायको लग्नानंतर पहिली दहा वर्षं म्हणाली. पुढे तिने म्हणणं सोडलं आणि रविवारी बहिणीकडे जायला लागली.

तिथली अंडी साधीच होती. खरी गंमत होती ती मावशींच्या बटाट्यांत. जाड लोखंडी तव्यावर काप इतके खरपूस होत की खाताना शेजारच्या टेबलावर ऐकू जावं. मावशी स्वयंपाकघरात, त्यांचे यजमान बाहेर टेबलांवर. यजमानांना सगळे 'काका' म्हणत. काका दिवसाकाठी वीसेक शब्द बोलत असतील, त्यातले अर्धे 'चहा' हेच. मावशी उलट बोलघेवड्या. मात्र हसताना त्यांचा हात तोंडावर जायचा.

दातवाल्यांना कारण माहीत होतं. ओठ आत गेलेले, नाक आणि हनुवटी एकमेकांकडे झुकलेली. असे जबडे त्यांच्या भिंतीवर पाच-पन्नास होते. मावशींचे दात गेल्यापासून तीन वर्षं त्यांना सगळं दिसत होतं, पण बाईमाणसाला असं विचारायचं कसं, म्हणून ते गप्प होते.

एका रविवारी हेडबाईंची साठी होती. त्यांनी मावशींना आग्रह केला, "आज तुम्ही आमच्यात बसून खायचं."

"तव्याकडे कोण बघणार? खा तुम्ही," म्हणत मावशी आत सटकल्या.

थोड्या वेळाने दातवाले हात धुवायला मागे गेले. मावशी ओट्याशी उभ्या होत्या. वाटीत दूध, दुधात पाव, आणि त्यात चमच्याने चेचलेले बटाट्याचे दोन काप. दातवाल्यांना पाहून त्यांनी वाटी बाजूला सारली. मग त्यांनाच हसू आलं आणि हात तोंडावर गेला.

"काय करू," त्या म्हणाल्या, "जगाला कुरकुरीत खाऊ घालते आणि स्वतः वास घेते."

"कवळी नाही केलीत?"

"केली होती की. जिल्ह्याच्या गावाला जाऊन. पहिल्याच आठवड्यात शिंकले, ती सुपाच्या पातेल्यात पडली. समोर गिऱ्हाईक. तेव्हापासून ती कपात आणि मी अशी."

"मी करतो," दातवाले म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांच्याच लक्षात आलं, की ठसा घेणं हे डॉक्टरचं काम, आपलं नव्हे.

डॉक्टर घरातच होती. त्यांची मुलगी दातांची डॉक्टर, तिचा दवाखाना त्यांच्या खोलीपासून तीन चौक पलीकडे. कामात ती बापाचीही भीड ठेवत नसे. 'डावीकडचा चावा उंच आहे, पुन्हा करा' अशी चिठ्ठी लावून कवळी परत पाठवी. मोटारसायकलवर तर तिचा जुना राग होता. लहानपणी तिच्या शाळेचे किती कार्यक्रम पहिल्या रविवारी आले, याची यादी तिला तोंडपाठ होती.

"त्यांनाच इकडे आणा," ती म्हणाली.

"हॉटेल सातही दिवस चालू असतं. आणि खुर्चीला घाबरतात त्या."

"मग मी गाडीने येते. चार चाकांच्या."

"तुझी गाडी जावईबापू घेऊन जातात ना रविवारी, त्यांच्या आईकडे?"

तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाली, "हेल्मेट धुऊन ठेवा. त्याला घामाचा वास येतो."

पुढच्या पहिल्या रविवारी ती मागे बसली. पहिले साठ किलोमीटर तिने बापाचं जाकीट असं आवळून धरलं होतं की त्यांना श्वास घेता येईना. नदीच्या पुलावर चहाला थांबले तेव्हा ती म्हणाली, "वळणावर तुम्ही गाडी पाडता."

"पाडत नाही, झुकवतो. तूही माझ्याबरोबर झुक. उलटीकडे ताठ बसलीस तर खरंच पडू."

पुलानंतर ती झुकायला लागली. तिने कधी बापाचं बोलणं इतक्या मुकाट्याने ऐकलं असेल, असं दातवाल्यांना आठवेना.

ठसा घेतला तो स्वयंपाकघरात, स्टुलावर बसवून. "नाकाने श्वास घ्या, मावशी, आणि पायाची बोटं हलवत राहा," मुलगी सांगत होती. मावशी बोटं हलवत होत्या, आणि दारात उभे असलेले काकाही आपल्या चपलेतली बोटं हलवत होते.

दुसऱ्या फेरीला घोळ झाला. वरच्या आणि खालच्या जबड्यात अंतर किती, हे मोजायला दातवाल्यांनी मेणाच्या पट्ट्या बनवल्या होत्या. बायकोच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून त्या त्यांनी टाकीवरच्या पिशवीत ठेवल्या. कडक ऊन, खाली तापलेलं इंजिन. फाट्यावर पोचून पिशवी उघडली, तर आत मेणाचा एकच गोळा आणि त्याला लोकर चिकटलेली. फिटरने तो गोळा हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"ही कुणाची कवळी म्हणायची?" त्याने विचारलं. "मेंढीची का?"

सगळे हसले, मावशी सगळ्यांहून जास्त. मुलीला मात्र हसू आलं नाही. एक अख्खा महिना वाया गेला होता.

घरी गेल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. दातवाल्यांच्या बायकोने माळ्यावरून रुंद तोंडाचा थर्मास काढला, घासला आणि नवऱ्यापुढे ठेवला. "यात गार पाणी घाला, त्यात ते मेण ठेवा. आणि माझा स्वेटर धुऊन द्या."

थर्मासमधून गेलेलं मेण शाबूत पोचलं. चावा मोजून झाला. पुढच्या महिन्यात दातवाल्यांनी मेणात दात बसवले आणि त्या कामात जीव ओतला. आजवर केल्या नव्हत्या इतक्या सरळ ओळी लावल्या. वरची कड अशी की पट्टी लावून बघावी. वीसदा उजेडात धरून पाहिल्यावर मगच त्यांनी ती मेणातली कवळी थर्मासच्या पाण्यात सोडली.

मावशींनी ते दात तोंडात बसवले, भिंतीवरच्या आरशात पाहिलं आणि गप्प झाल्या. त्या गप्प झालेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या.

"दुखतं का?" मुलीने विचारलं.

"नाही. छानच आहेत." मावशींनी मान इकडेतिकडे वळवली. "पण ही कुणी बँकेतली बाई वाटते. मी नाही."

दातवाल्यांना ते लागलं. चौतीस वर्षं डॉक्टरांनी चावा उंच म्हणून, रंग गडद म्हणून कामं परत पाठवली होती; माणूस दुसरंच दिसतं म्हणून कुणी पाठवलं नव्हतं. ते म्हणाले, "मावशी, सरळ दात सगळ्यांना आवडतात. सवय होईल."

तेवढ्यात काका बोलले. ते दारात उभे होते, हातात चार रिकाम्या ताटल्या.

"पुढचा एक दात जरा पुढे होता तिचा. डावीकडचा. हसली की आधी तो दिसायचा, मग बाकीचे."

एवढं बोलून ते आत गेले आणि पत्र्याच्या डब्यातून एक फोटो घेऊन आले. फोटोत विशीतली मावशी सायकलचा दांडा धरून उभी होती आणि मोकळी हसत होती. डावा दात शेजारच्यावर किंचित चढलेला, आणि खालच्या दोन दातांत फट.

"हा फोटो मी काढलेला," काका म्हणाले. "तेव्हा लग्न ठरायचं होतं."

मावशी लाजल्या. "काहीतरीच. तो दात बघून माझी आई म्हणायची, हिला कोण करून घेणार."

"मी केली," काका म्हणाले.

दातवाल्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग स्पिरिटचा दिवा मागवला. दिवा नव्हता, म्हणून मेणबत्ती आली. ओट्यावरच बसून त्यांनी सुरीचं टोक गरम केलं, मेण मऊ केलं आणि डावा दात नखभर पुढे ओढला. मुलगी फोटो धरून उभी. "अजून जरा वळवा, बाबा. नाही, एवढा नको. हं." खालच्या दातांत त्यांनी फट पाडली. आयुष्यभर बुजवत आले होते, ती फट स्वतःच्या हाताने पाडताना त्यांना मजा वाटत होती.

मावशींनी पुन्हा दात लावले. आरशाकडे गेल्या नाहीत. काकांकडे वळल्या.

काकांनी मान हलवली आणि ताटल्या धुवायला घेतल्या. नळ बराच वेळ चालू होता.

शेवटच्या फेरीला पक्की कवळी गेली. मुलीने ती बसवून, घासून, कागदाची पट्टी चाववून सगळं तपासलं आणि बजावलं, "चार दिवस मऊच खायचं. भात, सूप. हळूहळू सवय करायची."

"हो, हो," मावशी म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या.

दहा मिनिटांनी त्या आल्या त्या ताटभर बटाटे घेऊन. स्वतःसाठी खुर्ची ओढली, हेडबाई आणि फिटर यांच्या मधोमध बसल्या आणि एक खरपूस काप उचलला. मुलीने तोंड उघडलं होतं, पण बापाने तिच्या हातावर हात ठेवला.

आधी डाव्या बाजूने चावलं, मग उजव्या. मावशींची भुवई जरा वर गेली. टेबलावर कुणी बोलत नव्हतं, म्हणून तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. दातवाले जबड्याकडे बघत होते : खालचा कसा सरकतो, दाढा कुठे टेकतात, गिळताना वरची हलते का. हलत नव्हती. मग त्यांचं बघायचं राहिलंच, कारण मावशी दुसरा काप घेत म्हणाल्या, "मीठ कमी पडतंय गं बाई. इतकी वर्षं मीठ कमी घालतेय, कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं कसं," फिटर म्हणाला, "तुम्ही उलथनं घेऊन उभ्या असता."

मावशी हसल्या. आधी डावा दात दिसला, मग बाकीचे. हात मांडीवरच राहिला.

दातवाल्यांची अंडी तशीच थंड झाली. काकांनी न विचारता ताटली उचलली आणि नवी आणून ठेवली.

हल्ली डबी पाठवणाऱ्या डॉक्टरांना दातवाले फोन करून विचारतात, पेशंटचा एखादा जुना हसरा फोटो मिळेल का. काही जण चिडतात, म्हणतात, दात करताय की लग्न जमवताय. काही जण पाठवतात. खिडकीच्या चौकटीत आता असे सात-आठ फोटो खोचलेले आहेत.

मागच्या बुधवारी मावशींचा फोन आला. कवळी खालून उजवीकडे घासते आहे, बारीक फोड आलाय. दातवाल्यांनी मुलीला फोन लावला.

"बघावंच लागेल," ती म्हणाली. "पहिल्या रविवारपर्यंत ठेवता येणार नाही. या रविवारी जाऊ."

"या रविवारी तुझ्या सासूबाईंकडे जेवण आहे ना?"

"कळवलंय त्यांना. तुम्ही गाडीची साखळी ताणून घ्या, मागच्या खेपेला खडखडत होती."