शेवंतीला जुळणारा शब्द

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या बसस्थानकावर अंथुर्ण्याच्या गाडीचीच वाट बघत उभा होतो. दर गुरुवारी सकाळी मी त्यांच्याकडे जायचो. तो गुरुवारच होता. फोनवर शेजारच्या कुणीतरी सांगितलं, "मास्तर, तात्या ऱ्हायलं न्हाईत." मी नुसतं "बरं" म्हणालो. गाडी आली, जागा मिळाली, तिकीट काढलं. पिशवीत त्यांच्यासाठी घेतलेली केळी होती. ती कुणाला द्यावीत, हे उतरेपर्यंत मला सुचलं नव्हतं...

अंथुर्ण्याच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि रघुनाथतात्या त्याच शाळेत लिपिक होते. दाखले, हजेरीपट, परीक्षेचे अर्ज हे सगळं त्यांच्याकडे. पण पंचक्रोशीत त्यांना ओळखायचे ते मंगलाष्टकांमुळे. निरवांगीपासून लोणी भापकरपर्यंत कुणाच्या घरी लग्न ठरलं की मुलीचा बाप चिठ्ठीवर नावं लिहून तात्यांकडे यायचा. वधू, वर, दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा. चार दिवसांत अष्टक तयार असायचं आणि मांडवात ते म्हणायलाही तात्याच उभे राहायचे. आवाज खणखणीत. मधल्या सुट्टीत ते मला ओळी वाचून दाखवायचे आणि मी यमकं तपासायचो. ते यमकांचे दोनच प्रकार मानत, पक्कं आणि कच्चं. मी म्हणायचो, "तात्या, कच्चं चालतं की. लोक अक्षता टाकायच्या गडबडीत असतात." ते मान हलवायचे. "लोकांचं सोडा मास्तर. कानाला कळतं ना."

लग्नानंतर बारा वर्षांनी त्यांना मुलगी झाली. उसाच्या बांधाला त्यांनी दोन वाफे शेवंतीचे लावले होते, ते त्या दिवसांत फुलले होते, म्हणून नाव शेवंती. बारशाला मी पेढा तोंडात टाकतोय तोवर तात्या कानाशी येऊन म्हणाले, "नाव तर ठेवलं मास्तर, पर हिच्या लग्नात माझी पंचाईत हाय. मंगलाष्टकाच्या चालीत शेवंती ओळीच्या तोंडाला झ्याक बसती. शेवटाला बसतच न्हाय." मी म्हणालो, मग तोंडालाच बसवा. ते म्हणाले, "छ्या! पोरीचं नाव यमकात यायला पायजे. शेवटाला आलेलं नाव कानात ऱ्हातं."

तिथून पुढची पंचवीस वर्षं हा शोध चालू होता. त्यासाठी त्यांनी निराळी चाल बांधली. मी एखादा शब्द न्यायचो, ते तो परत करायचे. जयंती म्हटलं तर, "ती मेलेल्या माणसाची. लग्नात कशाला?" भ्रमंती म्हटलं तर, "म्हंजे पोरगी नांदायची न्हाय." पसंती त्यांना फार स्वस्त वाटायचा. सोबती, शांती हे कच्चे. एकदा मी विनंती म्हणालो. तात्यांनी तो दोनदा चालीत म्हणून बघितला. मग म्हणाले, "शब्द पक्का हाय. पर बापानं इनंती करायची म्हंजे... असूद्या. ठिवू बाजूला." शेवंती तेव्हा सातवीत होती. ओट्यावर बसून हे सगळं ऐकायची आणि हसायची. "तात्या, माझं नाव बदला आन् मोकळं व्हा," म्हणायची.

तिचं लग्न ठरलं. मुलगा नाशिकला नोकरीला, माणसं चांगली. तात्यांनी बाजूला ठेवलेला शब्द पुन्हा काढला. "दारी तुमच्या रुजू द्या शेवंती, बापाची एवढीच विनंती," या दोन ओळी झाल्या. पुढच्या दोन डोक्यात आहेत, आठवड्यात उतरवतो म्हणाले. त्या आठवड्यात सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला. अर्धांगाचा झटका होता. बारामतीच्या दवाखान्यात बावीस दिवस काढून घरी आले. पाय थोडा सुधारला. वाचा नाही.

डॉक्टरांनी समजावलं होतं, त्यांना कळतं सगळं, हवा तो शब्द तेवढा सापडत नाही. नेहमीची, तोंडात बसलेली वाक्यं कधी कधी आपोआप येतील. तसंच व्हायचं. 'रामराम' स्पष्ट यायचं. पण पाणी हवं असलं की तात्या म्हणायचे, "गाणी." त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, तांब्या पुढे केला की सुटल्यासारखे व्हायचे. चादर हवी असली की भाकर म्हणायचे, आणि चुकलंय हे त्यांना लगेच कळायचं. डोळे मिटून कपाळावर मूठ मारून घ्यायचे. मी तो हात धरायचो. दुसरं काय करणार? पुढच्या दोन ओळींसाठी मी शब्दांची यादी करून नेली, एकेक मोठ्यानं वाचला. प्रत्येक शब्दाला नाही. त्यांच्या डोक्यात ती ओळ होती, मला दिसत होतं की ती आहे... मला ती बाहेर काढता येत नव्हती. चाळीस वर्षं मुलांना भाषा शिकवलेला माणूस मी, त्यांच्या खाटेशेजारी मुका बसायचो.

लग्नात त्या दोन ओळी मीच म्हटल्या. तात्या खुर्चीवर होते. मी माईक त्यांच्यासमोर धरला. तात्यांनी चाल धरली, शब्दांशिवाय, नुसती गुणगुण, पुरत्या दोन ओळींची. शेवटी मान वर करून ते म्हणाले, "शुभमंगल सावधान!" एकेक अक्षर स्वच्छ. लोकांना वाटलं, बापाचा गळा भरून आला. अंतरपाटाच्या पलीकडे शेवंती ओठ दाबून उभी होती. आठ दिवसांनी ती नाशिकला गेली.

तात्या गेले त्याच्या आदल्या गुरुवारी मी गेलो तर तात्या अस्वस्थ होते. "पणती," म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "सकाळधरनं ह्येच चाललंय भाऊजी. पणती, पणती." भर दुपारी त्यांनी देवापुढची पणती आणून खाटेजवळ लावली. तात्यांनी ती बघितली आणि मान हलवली. "पणती..." पुन्हा तेच, हात दाराकडे. मी पणती दाराजवळ नेऊन ठेवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हणालो, "तात्या, लावली की हो." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी साडेचारची गाडी पकडली. त्यानंतर ते सात दिवस होते.

सावडण्याच्या दिवशी शेवंतीनं मला परसात गाठलं. "काका, तात्या शेवटाला काय म्हणत होते?"

"पणती मागत होते. तुझ्या आईनं लावली त्यांच्यापुढं."

तिनं एकदा घराच्या दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "काका, तात्या पाण्याला काय म्हणायचे?"

"गाणी."

"मग पणती म्हंजे?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. शेवंती. पंचवीस वर्षं आम्ही दोघं त्या नावाला कानाशी लावून शब्द पारखत बसलो होतो, आणि ते कच्चं यमक माझ्यासमोर दहा वेळा उच्चारलं गेलं, तरी मला ऐकू आलं नाही. माझा फोन खिशात होता. व्हिडिओ कॉल लावून ती त्यांना नुसती दाखवली असती तरी... पोरगी नव्या घरी रुळतेय, तिला काळजी नको, म्हणून तात्यांची घालमेल आम्ही कुणीच तिला कळवली नव्हती.

ती रडली नाही. डोळे पुसायला पदरही घेतला नाही. एवढंच म्हणाली, "आईला सांगू नका. तिला वाटतंय, त्यांनी मागितलेलं तिनं दिलं."

आता दीड महिना झाला. शेवंती नाशिकला परतली. मी अजून गुरुवारी जातो, परतायला संध्याकाळ होते. तात्यांची खाट वहिनींनी हलवलेली नाही. दिवेलागणीला त्या खाटेच्या उशाशी पणती लावतात, वारा लागू नये म्हणून बाजूला पाट उभा करतात. मग पदर सारखा करून मला विचारतात, "भाऊजी, नीट हाय नव्हं? ह्येच मागत हुते ना ते?"

मी म्हणतो, "व्हय वहिनी. ह्येच."