सूट कोण धुतं?

आमच्या चेरीताल मोहल्ल्याच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कपड्यांच्या ढिगाला मोबाइल टेकवून सुपरहिरोंची एक रक्तबंबाळ मालिका बघायचा. ही सत्तेच्या माजावरची टीका आहे, असं मी त्याला समजावलं.

"असंल भैया. पण इतके खून करून त्या हिरोचा सूट कोरा कसा? कोणीतरी रोज धुऊन राहिलं ना. त्याला सगळं माहीत असंल."

"मग तो बोलत काहून नाही?" मी गरजलो आणि आमच्या नगरसेवकाविरुद्धचं निवेदन सहीसाठी पुढे केलं.

त्यानं समोरच्या पांढऱ्या कुर्त्याच्या कॉलरवर इस्त्री दाबली. "हा नगरसेवकांचाच. टपरीखालची जागाबी त्यांचीच. चलो, करतो सही. उद्या टपरी उठवली, तर तुमच्या अंगणात लावू द्याल?"

आमचं अंगण रिकामंच असतं.

"घरी विचारून सांगतो," मी म्हणालो आणि निवेदनाची घडी घातली.