निळे हात

१९३४ साल. मी एकवीस वर्षांचा होतो. भवानी पेठेत आमच्या शेजारी एक शिंपीमामा राहायचे. पुस्तक मागायला कुणीही येवो, ते म्हणायचे, "हात दाखव की."

आधी तळवे दाखवायचे, मग पालथे. असा एखादा माणूस तुमच्याही पेठेत असेल.

मामांकडे एका घोडेस्वार राजकन्येच्या गोष्टीचे भाग होते. पानावर एक चित्र, खाली दोन ओळी. भाग सुटे होऊ नयेत म्हणून मशिनीवर शिवलेले, मांजरपाटात गुंडाळून पेटीत ठेवलेले. सुटीच्या दिवशी ओट्यावर पेटी उघडायची आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. शेवट सगळ्यांना पाठ. तरी राजकन्या पुरात उडी घ्यायची तेव्हा मामा म्हणायचे, "बगा हां, बुडतीय का वाचतीय!" जणू या खेपेला बुडेलच.

माझी शाळा दुसरीतच सुटली. चित्र असलं की अक्षर लवकर लागायचं. तो पुराचा भाग मला एकदा हातात धरून, माझा मी वाचायचा होता.

एकदा जेवण करून तसाच गेलो. हात दाखवले.

"जा, धुऊन ये," मामा म्हणाले.

ओट्यावरचा एक कोष्टी हसला. "मामा, ह्येचं हात किती बी धुतलं तरी निळंच ऱ्हानार की!"

मी सूत रंगवायच्या रंगखान्यात कामाला. कोपरापर्यंत निळा. तो रंग मी पेठेत मिरवायचो. त्या दिवशी मात्र हात धोतरात लपवून घरी आलो. राख लावली, चिंच लावली. शेवटी सुताचा रंग उडवायची पूड आणली, पाण्यात कालवली आणि हात बुडवून बसलो. सुताचा जातो, तर माझा का जाणार नाही?

पुढच्या सुटीला हात सोलून लालभडक झाले होते. तरी गेलो. पुढे केले.

मामांना वास आला. "काय लावलंस?"

"काय न्हाय."

"आरं येड्या, बोटाला शेंगाचटणीचं तेल हुतं तुज्या! रंगाला मी कवा नाव ठिवलं?"

माझी मान वर होईना. मामाही माझ्याकडे बघेनात. त्यांनी पुराचा भाग मांडीवर घेतला, आणि मी अक्षर लावीन तसं एकेक पान उलटत राहिले. मी अडखळलो की म्हणायचे, "घाई न्हाय. पूर थांबलाय आपल्यासाटी."

त्यानंतर त्यांनी कुणालाच हात दाखवायला सांगितलं नाही. लोक भजी खात पानं चाळायचे. मामा गुपचूप धोतराच्या सोग्यानं पान पुसायचे. ते बघणं मला हातांच्या आगीपेक्षा जास्त जाळायचं. पण "मामा, हात बघत जावा की" एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

त्याच वर्षी थंडीत मामा तापानं गेले. तेराव्याला त्यांच्या भाच्यानं पेटी माझ्यापुढे ठेवली. "रंगाऱ्याला द्या म्हनले हुते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राखेनं हात घासले आणि पेटी घेऊन मामांच्या ओट्यावर गेलो. दाराला कुलूप होतं. त्या दारापुढे उभा राहून मी आधी तळवे दाखवले, मग पालथे. मग पेटी उघडली.