मी कंडक्टर आहो, मालक नाई

डबल बेल देण्याआधी आमच्या एसटीची कंडक्टर खिडकीतून मान काढून मागे पाहायची. "या नं, धावू नका, पडान!" असं ओरडत कुणाला तरी आत घ्यायची आणि मगच दोरी ओढायची. त्यामुळे वर्धा-देवळी गाडी रोज पाच मिनिटं उशिरा निघे. रोज त्याच गाडीनं शाळेत जाऊन मस्टरवर मिनिटासकट वेळ लिहिणाऱ्या मला, तुमच्या आजीला, याचा किती राग येई, हे तुम्ही ओळखलंच असेल.

ती ख्रिस्ती होती. गळ्यात बारीकसा क्रूस. बसमधल्या म्हाताऱ्यांना तिला छेडायला फार आवडे. एकदा एका आजोबांनी विचारलं, "काहो बाई, तुमच्या स्वर्गाच्या गाडीत आमा हिंदूले सीट भेटते का?"

"मले काय विचारता बाबाजी? मी कंडक्टर आहो, मालक नाई. पण मालकाचा जीव तुमच्यावरबी तेवढाच हाये."

"मंग तिथंबी म्हाताऱ्याले अर्धंच तिकीट ठेवा म्हणा!"

सगळी बस हसली. मीही.

तिचा ड्रायव्हर बौद्ध. आठ वर्षांची जोडी, डबाही एकत्र खात. तो म्हणे, "ताई, ब्रेक माझ्या पायाखाली हाये, तुमच्या येशूच्या नाई." ती म्हणे, "ते पाय कोणं देले, भाऊ?" मग लोणच्याच्या फोडीवरून पुढचं भांडण.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्याचं हृदयाचं दुखणं निघालं. ऑपरेशनच्या दोन-तीन दिवस आधी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिची चाहूल लागताच म्हणाला, "डबा आणला असान तं ठेवा, ताई. पण माझ्यासाठी प्रार्थना करू नका. माझ्या बापानं देव सोडले. आता भेव वाटते म्हणून मी हात जोडणार नाई."

मला वाटलं, आता ही बायबलमधलं काहीतरी सांगणार. तिनं डबा स्टुलावर ठेवला.

"बरं. तुमच्यासाठी नाई मांगत. माझ्यासाठी मांगते. मले माझा ड्रायवर पायजे."

तो भिंतीकडेच पाहत राहिला, पण त्याचे खांदे हलले. हसला असावा. ती मात्र बाहेर जिन्यात बसून रडली.

रविवारी चर्चमध्ये उठून तिनं प्रार्थनेसाठी त्याचं नाव घेतलं. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "तो आपल्यात येणार आहे का?"

"नाई. मंग देव काय त्याच्याकडे पाहणं सोडते?"

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मात्र मनाई केली. डेपोत त्याला बसून करायचं काम मिळालं. "मांगताना चुकलीच मी," ती म्हणाली. "ड्रायवर पायजे म्हटलं, स्टेअरिंगवर पायजे म्हणाचं राह्यलं!"

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. लेकीकडे नाशिकला जायच्या आधीच्या रविवारी तिनं आम्हाला चर्चमध्ये बोलावलं. तो बायकोला घेऊन आला, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी शेवटच्या बाकावर बसला. ती उभी राहिली आणि तो वाचला म्हणून तिनं सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यानं नाही घातली. तो समोर पाहत उभा राहिला आणि सावकाश हात जोडले.

त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना कोण आनंद! प्रार्थना संपताच ते धावत आले. "प्रभूला हात जोडलेत ना?"

"नाई जी. ताईले जोडले."

त्यांचा चेहरा पडला. मागून येणारी ती मात्र खळखळून हसली.

"चालते त्याले," वर बोट दाखवत ती म्हणाली.